पुढच्या सिंथमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक वाद्यात, नक्की काय हवं? वाजवणाऱ्यांनी सांगा

यमनवाला_ठाणे | शुक्रवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी,

गेल्या आठवड्यात भावगीतांच्या एका कार्यक्रमाची तालीम होती. गायिकेचा सा काळी चार. यमनवरचं एक गाणं, आणि मागे मी स्ट्रिंग्जचा टोन लावून गंधार धरला होता. दोन ओळी झाल्यावर ती थांबली. म्हणाली, "दादा, तो गंधार जरा खाली घ्या ना, मला टेकताच येत नाहीये."

तिचं बरोबर होतं. तानपुऱ्यातून जो गंधार ऐकू येतो त्याचं सा-शी नातं ५/४ आहे, म्हणजे सुमारे ३८६ सेंट (एका अर्धस्वराचे शंभर सेंट). कीबोर्डावरचा गंधार ४०० सेंटवर ठोकलेला. चौदा सेंट म्हणजे फार नाही असं वाटतं, पण लांब धरलेल्या सुरात ते चौदा सेंट कानात कुसळासारखे टोचतात. मी मेनू उघडला, आत, अजून आत, स्केल ट्यून, म्हणजे एकेक सूर वर-खाली करायची सोय, सापडलं. गंधार उणे १४, निषाद उणे १२, तीव्र मध्यम उणे १०, रिषभ अधिक ४, पंचम अधिक २. परत वाजवलं. तिनं डोळे मिटले आणि पहिल्यांदा तो सूर सरळ लावला. तबलजीसुद्धा मान वर करून बघायला लागला.

पुढचं गाणं भैरवीतलं, गायक दुसरा, सा काळी एक. आता सगळा तक्ता नव्यानं भरायचा. दोन गाण्यांच्या मध्ये निवेदन फार तर चाळीस सेकंदांचं. शेवटी मी बाकीचे सूर सोडले आणि नुसता सा-प धरून बसलो. घरी येताना मन लागेना. एवढं महागडं यंत्र, हजारभर टोन, आणि मला हवा असलेला एक गंधार कार्यक्रमात देता आला नाही.

माझी मागणी सांगतो. रागागणिक सुरांचा तक्ता करता यावा. तो टोनबरोबर साठवला जावा. सा बदलला की तक्ताही सोबत सरकावा. आणि तो बदलायला मेनूत शिरायला लागू नये, पायाखाली एक बटण असावं. एवढं दिलं तर मी टोनची संख्या निम्मी करायला तयार आहे.

तुम्ही काय वाजवता आणि तुमच्या पुढच्या यंत्रात काय हवंय? कीबोर्ड, पॅड, ग्रूव्हबॉक्स (ठेके रचून वाजवायचा डबा), सगळ्यांनी लिहा. फक्त "अमुक मॉडेल घ्या" एवढंच नको, प्रत्यक्ष वाजवताना काय अडतं ते लिहा.

---

पेणचा_पॅडवाला | शुक्रवार, रात्री ११:३५

दादा, धागा काढलात ते फार बरं झालं. मी ऑक्टोपॅड वाजवतो, काठीनं वाजवायचे इलेक्ट्रॉनिक पॅड. बेंजो पार्टी, हळदी, वराती, गणपती. सीझनला महिन्यात वीस-बावीस सुपाऱ्या.

आमचं स्टेज म्हणजे टेम्पो. मागे जनरेटर, त्याच्यावर अ‍ॅम्प, बेंजो, दोन कीबोर्ड आणि माझे पॅड. जनरेटर कधी ना कधी ट्रिप होतोच. ताशेवाले वाजवत राहतात, कच्छी ढोल चालू राहतो, पण माझं मशीन बंद. लाइट परत आली की ते चालू व्हायला वेळ घेतं. माझ्या एका नव्या मशीनला चाळीस सेकंद लागतात, मी मोजलेत. चाळीस सेकंद वरात माझ्या तोंडाकडे बघत उभी. नवरदेवाचा काका विचारतो, "काय झालं रे?"

तर माझी पहिली मागणी: आत पंधरा मिनिटं पुरेल एवढी बॅटरी द्या. रात्रभराची नको. लाइट गेली तर मशीन मरू नये एवढंच.

दुसरी: धूळ आणि गुलाल. विसर्जनाच्या दिवशी गुलाल हवेत असतो, फटीतून आत जातो. एका मशीनचं फिरवायचं बटण दुसऱ्याच वर्षी उड्या मारायला लागलं, ३० वरून थेट ३७. पॅच, म्हणजे साठवलेला आवाजांचा संच, बदलताना भलताच पॅच. ती बटणं रबरानं बंद करा, नाहीतर सरळ वर-खाली असे दोन दाबायचे स्विच द्या.

तिसरी: उन्हात दिसेल असा डिस्प्ले. दुपारी दोनच्या वरातीत काळ्या काचेवर फक्त माझंच तोंड दिसतं.

चौथी सगळ्यात महत्त्वाची. मी सात वर्षं घालवून माझे पॅच बनवलेत. ढोलकीचा टाप कितीला ट्यून करायचा, त्याच्याखाली कुठला आवाज दाबून ठेवायचा, सगळं. नवीन मशीन घेतलं की पहिल्यापासून सुरू. माझे पॅच एका मशीनमधून दुसऱ्यात गेले पाहिजेत.

एसपीडी-२० अजून का चालतं विचारा. नव्वदच्या दशकातलं मशीन. त्यात बाहेरचा सँपल, म्हणजे रेकॉर्ड केलेला आवाज, टाकता येत नाही, तरी आमच्याकडे अजून त्याचेच आवाज मागतात. रोलँडनं नवीन काढलं तेव्हा नावसुद्धा एसपीडी-२० प्रो ठेवलं. लोकांना तोच हात, तोच आवाज हवा असतो.

---

शब्दसूर | शनिवार, सकाळी ७:१०

वाचनखूण साठवली आहे. पंधरा मिनिटांच्या बॅटरीला जोरदार अनुमोदन.

---

सोल्डर_काका | शनिवार, सकाळी ९:२५

मी वाजवत नाही, दुरुस्त करतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडच्या बाजूला तीस वर्षं बसलोय. माझ्या बाकावर येतं ते सांगतो, म्हणजे पुढच्या यंत्रात काय हवं ते आपोआप कळेल.

जुने कीबोर्ड येतात त्यात तीन दुखणी ठरलेली. एक, पट्ट्यांखालची कार्बनची रबरी पट्टी झिजलेली असते. पट्टी बदलली, सर्किटचा बोर्ड अल्कोहोलनं पुसला की कीबोर्ड नव्यासारखा. दोन, आतली नाण्याएवढी बॅटरी, सीआर२०३२. ती संपली की वाजवणाऱ्यानं साठवलेले टोन उडतात. ज्यात ती सॉकेटमध्ये आहे तिथे पाच मिनिटांचं काम, ज्यात थेट झाळलेली आहे तिथे बोर्ड बाहेर काढावा लागतो. तीन, फ्लॉपी. फ्लॉपी मिळत नाहीत, ड्राइव्हही मिळत नाहीत. तिथे मी पेनड्राइव्ह चालणारा डबा बसवतो, कीबोर्डाला वाटतं फ्लॉपीच आहे. असे कितीतरी कीबोर्ड त्या एका डब्यावर परत उभे राहिलेत.

आता नव्या यंत्रांची दुखणी. बॅटरी पातळ पाकिटासारखी, आत चिकटवलेली. दोन-चार वर्षांत फुगते आणि वरच्या काचेला आतून ढकलते. तीच बॅटरी १८६५० च्या गोल सेलमध्ये, झाकण उघडून बदलता येईल अशी दिली असती तर माणूस स्वतःच बदलेल, माझ्याकडे यायचं कारण नाही. दुसरं, बाहेरून लावलेलं ते मऊ, मखमली रबर. आपल्या किनाऱ्यावरच्या दमट हवेत ते चिकट होतं. हाताला गुळासारखं लागतं. मी ते पुसून काढून खालचं साधं प्लास्टिक उघडं करून देतो, गिऱ्हाईक खूश होऊन जातं. तिसरं, यूएसबीची खाच मुख्य बोर्डावर. वायरीला पाय लागला की खाच उपटते आणि बोर्डावरची जोडणीची रेघ सोबत घेऊन येते. तीच खाच छोट्या वेगळ्या बोर्डावर असती तर काम दोनशे रुपयांत झालं असतं.

गेल्या वर्षी सांगलीहून एक मुलगा एक स्टँडअलोन, म्हणजे कॉम्प्युटरशिवाय चालणारं, यंत्र घेऊन आला. सगळं ठीक, फक्त स्क्रीन गेलेली. कंपनीला लिहिलं, उत्तर आलं की सुटी स्क्रीन देत नाही, पूर्ण बोर्ड बदला. बोर्डाची किंमत यंत्राच्या पाऊण. त्यानं ते यंत्र परत नेलं, आता स्क्रीनशिवाय आठवणीनं वाजवतो. माझ्या हातात काम असून मला करता आलं नाही, ते मनात राहिलंय.

म्हणून माझी मागणी: सुटे भाग विका, सर्किटचा नकाशा द्या, स्क्रू लावा, गोंद लावू नका.

---

लयवेडा | शनिवार, दुपारी १:०५

काकांना नमस्कार. तुमचा प्रतिसाद प्रत्येक कंपनीच्या डिझाइनवाल्याच्या भिंतीवर लावायला हवा.

मी तबल्याकडून आलो, आता ग्रूव्हबॉक्सवर काम करतो. माझं दुखणं सोळा चौकोनांचं आहे. जवळजवळ प्रत्येक मशीनवर सोळा बटणांची रांग. त्रितालाला छान. रूपक आला की सात मात्रा, झपतालाला दहा, दीपचंदीला चौदा. आता लांबी बदलता येते हे मान्य. डिजिटाक्ट नावाच्या ग्रूव्हबॉक्समध्ये प्रत्येक ट्रॅकची लांबी वेगळी ठेवता येते, डेल्यूज नावाच्या ग्रूव्हबॉक्समध्ये हवी तेवढी ठेवता येते. पण लांबी म्हणजे ताल नव्हे. रूपकात ३-२-२ असे विभाग आहेत आणि समेवरच खाली आहे. मशीनच्या लेखी ते सात सारखे चौकोन. मला विभागांच्या रेषा दिसायला हव्यात, समेचा दिवा वेगळ्या रंगाचा हवा, खालीचा मंद.

याच्यापुढची गोष्ट तिहाई, म्हणजे एकच तुकडा तीनदा वाजवून समेवर येणं. समजा पाच मात्रांचा तुकडा आहे, शेवटच्या मात्रेवर धा, मध्ये दम (थांबा) नाही. तीनदा म्हटला की पंधरा मात्रा. शेवटचा धा समेवर यायचा तर त्रितालात तिसऱ्या मात्रेपासून उठावं लागतं. हे कुठलाही तबला शिकणारा मुलगा बोटांवर मोजून सांगतो. मशीनमध्ये मात्र पॅटर्न पुढच्या बारच्या सुरुवातीलाच लागतो. मला म्हणायचंय, "हा तुकडा समेवर संपव", आणि कुठून उठायचं ते त्यानं मोजावं. बेरीज-वजाबाकीच आहे, त्याला मोठा प्रोसेसर लागत नाही.

आणि लय. बऱ्याच यंत्रांत टेम्पो तीसच्या खाली जातच नाही. विलंबित एकतालात एक मात्रा चार-पाच सेकंदांची असते, म्हणजे मिनिटाला बारा-पंधरा. मग आम्ही एका मात्रेला चार ठोके धरतो आणि एका आवर्तनाचे अठ्ठेचाळीस ठोके करतो. पडद्यावरचा आकडा आणि डोक्यातली मात्रा जुळत नाही, सारखं भाषांतर करत वाजवायचं. तबला मशीनवाल्यांनी, राडेलच्या तालमालेनं, हे फार पूर्वी नीट केलंय. ताल निवडा, लय फिरवा, झालं. त्यांच्याकडे आवाज साधे आहेत, पण ताल म्हणजे काय ते त्या यंत्राला कळतं.

---

म्हापसेकर | शनिवार, दुपारी ४:४०

थोडा वेगळा सूर लावतो, राग मानू नये.

मी गोव्यात लाइव्ह इलेक्ट्रॉनिक सेट वाजवतो, लॅपटॉप न घेता. माझ्या मते यंत्रांना आणखी सोयी नकोतच, असलेल्या सोयी हाताशी हव्यात. पुश ३ हे पॅडचं यंत्र घ्या, २०२३ साली ते कॉम्प्युटरशिवाय चालायला लागलं. एमपीसी लाइव्ह हे तसंच दुसरं यंत्र २०१७ पासून बॅटरीवर चालतंय. एवढ्या ताकदीचं यंत्र दहा वर्षांपूर्वी आम्ही स्वप्नात पाहिलं असतं. पण मी जास्तीत जास्त वेळ घालवतो तो साध्या, स्वस्त, एका कामाच्या डब्यांवर, कारण तिथे एका बटणाला एकच काम असतं आणि अंधारात हात आपोआप जातो.

चरणजितसिंग यांची गोष्ट सगळ्यांना माहीत असेलच. मुंबईत सिनेमाच्या रेकॉर्डिंगमध्ये वाजवणारा माणूस. १९८२ साली टीआर-८०८ हे ठेक्याचं यंत्र, टीबी-३०३ हे बेसचं यंत्र आणि ज्युपिटर-८ हा सिंथ घेऊन त्यांनी दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बसवले. शिकागोत त्याच ३०३ वर अ‍ॅसिड हाउस हा नाचाच्या संगीताचा प्रकार उभा राहण्याआधी काही वर्षं. ३०३ मध्ये काय आहे? एक ऑसिलेटर, एक फिल्टर, सोळा पायऱ्या. पण प्रत्येक पायरीला स्लाइड आहे. एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं. त्या एका सोयीमुळे त्या यंत्रातून राग निघू शकला. बनवणाऱ्यांनी ते बेस गिटारची जागा घ्यायला बनवलं होतं.

म्हणून माझी मागणी: थोडं द्या, पण सरकणारं द्या.

यमनवाला, ट्यूनिंगचं म्हणाल तर कॉर्गच्या मोनोलॉग सिंथमध्ये २०१७ पासून स्वतःची स्केल भरता येते. ते पाहिलंत का?

---

यमनवाला_ठाणे | शनिवार, रात्री ९:१५

म्हापसेकर, राग कसला. स्लाइडचं अगदी मनातलं बोललात.

मोनोलॉग मी मित्राकडे वाजवलाय. फार गुणी यंत्र, पण एका वेळी एकच सूर. मला मागे तीन-चार सूर धरायचे असतात. मिनीलॉग एक्सडीत चार सूर मिळतात आणि स्केलही भरता येते, तो जवळ जातो. पण सा बदलताना परत तेच.

मला एक गोष्ट सारखी खटकते. अरबी संगीतासाठी कीबोर्डांवर पाव सुराची बटणं समोर दिलेली असतात. यामाहाची पीएसआर-ए मालिका बघा, स्केल बदलायला मेनूत जावंच लागत नाही. तिकडच्या वाजवणाऱ्यांनी मागितलं, त्यांना मिळालं. आपल्यासाठीही कंपन्यांनी वेगळी मॉडेलं काढलीत, ते मी मान्य करतो. पीएसआर-आय५०० मध्ये रियाजाची सोय आहे, तबला-तानपुरा आहे. रोलँडच्या एक्सपीएस-१० मध्ये भारतीय टोन आहेत. पण ते आवाज आहेत. सतारीचा टोन दिला आणि सूर पियानोचेच ठेवले तर काय उपयोग?

आपल्याकडे हा वाद आजचा नाही. आकाशवाणीनं १९४० साली हार्मोनियमवर बंदी घातली, ती १९७१ साली अटींसह उठली. तक्रार हीच होती, पट्टीच्या पेटीला श्रुती नाहीत आणि मींड नाही. मग आमच्याच ठाण्यात डॉ. विद्याधर ओकांनी २२ श्रुतींची पेटी बनवून दाखवली, लाकूड, पितळ आणि भाता यांच्यात. जे लाकडात जमलं ते चिपमध्ये तर आकडे बदलण्याइतकं सोपं आहे.

---

स्पर्शसूर | रविवार, सकाळी ११:२०

मी जन्मापासून दृष्टिहीन आहे. हा धागा स्क्रीन रीडरवर ऐकला, तीन वेळा. कीबोर्ड वाजवतो, शाळेत संगीत शिकवतो, संध्याकाळी भजनी मंडळात साथ करतो.

तुम्ही सगळे ज्या मेनूत शिरता तो माझ्यासाठी बंद दरवाजा आहे. माझा जुना कीबोर्ड अठरा वर्षांचा आहे. त्याला आकड्यांची बटणं आहेत, ० ते ९. बासरीचा टोन ०७४. सात, चार, एंटर. बोटाला माहीत आहे. पाचच्या बटणावर मी नखानं नेलपॉलिशचा एक थेंब लावून ठेवलाय, तेवढी खूण पुरते. आता नवीन कीबोर्डांतून आकड्यांची बटणं गेली. एक गोल बटण असतं, गोल फिरत राहतं, सुरुवात नाही, शेवट नाही. टकटक अशी जाणवणारी खाच असेल तर मी मोजतो. काहींत तीही नसते. आणि टचस्क्रीन म्हणजे गुळगुळीत काच. तिच्यावर कुठेही हात ठेवला तरी मला सारखंच.

कॉम्प्युटरवर माझ्यासारख्यांची सोय होत चालली आहे. नेटिव्ह इन्स्ट्रुमेंट्सच्या कंट्रोल कीबोर्डांत कॉम्प्युटरच्या मदतीनं बोलून सांगायची सोय आहे. एबलटन लाइव्ह १२ हे संगीताचं सॉफ्टवेअर आलं २०२४ साली, ते स्क्रीन रीडरबरोबर चालतं. पण मला स्टेजवर लॅपटॉप नकोय. यंत्रानं स्वतः बोलावं.

आणि ते बोलणं फक्त माझ्या हेडफोनमध्ये यावं. हे मुद्दाम लिहितोय, कारण एकदा एका विद्यार्थ्यानं मोठ्या हौसेनं माझ्यासाठी फोनला जोडून तशी सोय केली होती आणि अभंग चालू असताना "मेनू, टोन, बासरी" असं स्पीकरमधून सगळ्या मंडळाला ऐकू गेलं. त्या मुलाची मेहनत मोठी होती, चूक यंत्राची होती. बोलण्याचा आवाज आणि वाजवण्याचा आवाज यांची वाट वेगळी हवी. बोली मराठी असली तर माझ्या विद्यार्थ्यांनाही समजेल.

बाकी यमनवाला दादांच्या पायाच्या बटणाला माझा पूर्ण पाठिंबा. पायाला डोळे लागत नाहीत.

---

लयवेडा | रविवार, दुपारी १२:०२

स्पर्शसूर सर, आकड्यांच्या बटणांचा मुद्दा आमच्यापैकी कुणाला सुचला नसता. लिहिल्याबद्दल मनापासून आभार.

भजनाचा विषय निघालाच आहे तर एक जोडतो. भजनी ठेका कधीच एका लयीत राहत नाही. सुरुवात संथ, मग टाळ चढत जातात, गजराला लय दुप्पट. यंत्र मात्र आपल्या आकड्याला धरून बसतं. पखवाजाला माइक लावला आणि यंत्र त्याच्या मागून चाललं, असं हवंय. लॅपटॉपवर लाइव्ह ११ मध्ये, २०२१ पासून, टेम्पो फॉलोअर, म्हणजे वाजवणाऱ्याच्या लयीमागून जायची सोय, आहे; म्हणजे गणित जमतं. ते डब्यात आणा.

---

पेणचा_पॅडवाला | रविवार, दुपारी १२:४०

सर, खरंच माझ्या डोक्यात कधी आलं नव्हतं. आमच्या पार्टीत एक बेंजोवाला आहे, त्याला कमी दिसतं. त्याला मी नेहमी पॅच लावून देतो. आता नेलपॉलिशचा उपाय त्याला सांगतो.

---

इसारकाठ | रविवार, सायंकाळी ६:३०

म्युनिकहून लिहितोय. दिवसा गाड्यांच्या कंट्रोलरसाठी कोड लिहितो, रात्री सिंथ बनवतो. यमनवाला दादांची अडचण नेमकी कुठे आहे ते सांगतो, आणि तिच्यावर आत्ताच काय करता येईल तेही.

मिडी ही अशा यंत्रांची एकमेकांशी बोलायची भाषा, १९८३ सालची. त्या जानेवारीत अमेरिकेतल्या नॅम प्रदर्शनात प्रॉफेट-६०० आणि ज्युपिटर-६ ही दोन वेगळ्या कंपन्यांची यंत्रं पहिल्यांदा एका वायरीनं एकमेकांशी बोलली. तीच वायर आजही चालते, ही केवढी मोठी गोष्ट आहे. पण त्या भाषेत सूर म्हणजे ० ते १२७ मधला एक आकडा. ६४ म्हणजे गंधार, समजा. "६४ पेक्षा चौदा सेंट खाली" असं एका सुरासाठी साधेपणानं म्हणता येत नाही. पिच बेंड, म्हणजे सूर वर-खाली ओढायची सोय, आहे, पण तो अख्ख्या चॅनलला, म्हणजे एका वाटेवरच्या सगळ्या सुरांना, लागतो. गंधार खाली ओढला की त्याच्याबरोबर धरलेला पंचमही खाली जातो.

यातून वाट काढली ती एमपीई नावाच्या पद्धतीनं, २०१८ साली ती मिडीचा अधिकृत भाग झाली. युक्ती साधी आहे: प्रत्येक सुराला स्वतःचा चॅनल द्यायचा, म्हणजे प्रत्येकाचा बेंड वेगळा. ऑस्मोस नावाच्या कीबोर्डावर पट्टी दाबून आडवी हलवली की तेवढाच सूर सरकतो, मींड आणि आंदोलन बोटातून येतं. म्हापसेकर म्हणतात ते "सरकणारं" हेच. २०२० च्या मिडी २.० मध्ये तर प्रत्येक सुराला स्वतःची उंची देण्याची सोय भाषेतच आहे. यंत्रांत ती उतरायला वेळ लागतोय.

आता तोवरचा उपाय. मधे एक छोटा डबा बसवायचा. कीबोर्डाचं स्वतःचं वाजणं बंद करून, म्हणजे लोकल ऑफ करून, मिडी डब्यात आणायची. डबा प्रत्येक सूर वेगळ्या चॅनलवर टाकतो आणि आधी त्याचा बेंड पाठवतो. बेंडची मर्यादा वर-खाली दोन अर्धस्वर, म्हणजे २०० सेंटला ८१९२ पायऱ्या. चौदा सेंटच्या झाल्या ५७३. मध्य ८१९२, म्हणून गंधाराला ७६१९ पाठवायचं. सा बदलला की तक्ता तेवढ्या पट्ट्या सरकवायचा. हे सगळं डेझी नावाच्या छोट्या तयार बोर्डावर आरामात बसतं.

किंमत एकच, वेळ. मिडीची वायर सेकंदाला ३१,२५० बिट नेते. एक सूर तीन बाइटांचा, त्याला जवळजवळ एक मिलिसेकंद. बेंड धरून दोन. चार सूर एकदम दाबले तर शेवटचा आठ मिलिसेकंदांनी येईल. स्ट्रिंग्जसारख्या लांब धरलेल्या टोनला कळणार नाही. पेणच्या दादांच्या टापाला मात्र नक्की कळेल, तिथे हे लावू नका.

आठवड्याभरात पहिला मसुदा लिहून बघतो.

---

सोल्डर_काका | रविवार, रात्री ८:१०

पोरा, तू कोड पाठव, डबा मी बांधतो. अ‍ॅल्युमिनियमचा, स्क्रूवाला. मिडी इनला ऑप्टो (प्रकाशानं निरोप पुढे देणारा भाग) लावीन म्हणजे जनरेटरचा गुंजारव आत येणार नाही. पायाच्या बटणांसाठी मागे दोन सॉकेट ठेवतो. आणि नकाशा इथेच टाकेन, कुणालाही बांधता येईल.

---

म्हापसेकर | सोमवार, सकाळी १०:००

नकाशा उघडा ठेवताय हे फार आवडलं. डेल्यूज बनवणाऱ्या न्यूझीलंडच्या कंपनीनं २०२३ साली त्याचा कोड खुला केला, तेव्हापासून वापरणारेच त्यात सोयी भरतायत. उद्या कंपनी असो नसो, यंत्र चालू राहील. म्हणून माझी दुसरी मागणी लिहून ठेवतो: ज्या दिवशी एखाद्या यंत्राची मदत बंद करणार, त्या दिवशी त्याचा कोड लोकांच्या हातात द्या. आणि चालू करायला लॉगिन मागू नका. ८०८ ला पंचेचाळीस वर्षं होऊन गेली, ते आजही फक्त वीज मागतं.

---

यमनवाला_ठाणे | पुढचा रविवार, रात्री ११:४५

डबा आला. आज दुपारी काकांच्या बाकावर जोडला, संध्याकाळी तालमीला नेला.

गायिकेला काही सांगितलं नव्हतं. काळी चारवर यमन लावला, स्ट्रिंग्जवर सा-ग-प धरला. ती गायला लागली, आणि थांबली नाही. मग भैरवीसाठी डावं बटण, काळी एकसाठी उजवं बटण तेवढ्या वेळा. निवेदन संपायच्या आत तयार.

इसारकाठ, एक अडचण नोंदवतो. सस्टेन पेडल (सूर धरून ठेवणारं) सोडल्यावर एक-दोन सूर लटकत राहतात. बहुतेक पेडलचा निरोप एकाच चॅनलवर जातोय.

---

इसारकाठ | सोमवार, पहाटे २:१०

अगदी बरोबर ओळखलंत. पेडल सगळ्या चॅनलवर पाठवायला हवं, माझ्याकडून राहिलं. दुरुस्त करून नवी फाइल टाकली आहे. स्पर्शसूर सर, पुढच्या फाइलमध्ये तक्ता बदलला की डबा हेडफोनच्या वेगळ्या खाचेत रागाचं आणि सा-चं नाव बोलेल. त्यासाठी मराठी आवाज हवाय. "यमन, काळी चार" असं कुणीतरी स्वच्छ रेकॉर्ड करून पाठवाल का?

दादा, यमनच्या तक्त्यात धैवताची जागा मी रिकामी ठेवली आहे. ९०६ सेंट की ८८४?

---

स्पर्शसूर | सोमवार, सकाळी ६:५०

रेकॉर्डिंग मी करतो. आज शाळा सुटल्यावर.

धैवत रिषभाशी पंचमाच्या नात्यानं जुळवलात तर ९०६ येतो, माझा कान तोच मागतो. पण आमच्या मंडळातले बुवा गंधारावरून उतरत येतात तेव्हा खालचा लावतात. दोन्ही भरा, मी नावं वेगळी बोलतो: "यमन, चढा धैवत" आणि "यमन, उतरा धैवत".